आपली पाठ आपल्याला दिसत नाही : पहिल्या ट्रायथलॉनची तयारी आणि तिला लागणारी माणसं

व्हिडिओ जेमतेम अकरा सेकंदांचा होता. कोचने तो पूलच्या काठावर बसून मला दाखवला आणि काहीच बोलला नाही. श्वास घ्यायला मी अख्खं डोकं वर काढत होते, त्यासरशी कंबर खाली जात होती आणि पाय पाण्यात जवळजवळ उभे राहत होते. त्याला पोहणं म्हणणं कठीण होतं, मी पाण्याचा जिना चढत होते. त्याआधीचे आठ महिने मी स्वतःची एकाच वाक्यावर समजूत घातली होती : आपला दम कमी पडतो. म्हणून आणखी लॅप, आणखी थकवा. दम ठीकच होता, चुकत होती ती मान.

ट्रायथलॉनला, म्हणजे पोहणं, सायकल आणि पळणं एकापाठोपाठ करायच्या शर्यतीला, एकट्याचा खेळ म्हणतात. शर्यतीपुरतं ते खरं आहे. तयारी एकट्याने करायला गेलं, की हौशी माणसाचे मोजके तास भलत्याच दुरुस्तीत जातात. हा लेख पहिली शर्यत ठरवणाऱ्यांसाठी आहे. सराव कसा बसवायचा हे तर सांगतेच, पण कोणत्या टप्प्यावर कोणाची मदत घ्यायची आणि कोणाची नाही घेतली तरी चालेल, हेही सांगते. माझं मत सुरुवातीलाच देऊन टाकते : हजारो रुपयांची चाकं घेण्याआधी दुसऱ्याच्या नजरेवर पैसे खर्च करा.

ही गोष्ट जुनीच आहे. १९७८ साली हवाईत पहिली आयर्नमॅन, म्हणजे सर्वांत लांब पल्ल्याची प्रसिद्ध ट्रायथलॉन, झाली तेव्हा १५ जण उतरले आणि १२ जणांनी ती पूर्ण केली. मदतीची माणसं ज्याची त्याने आणायची होती. बराच वेळ पुढे असलेल्या जॉन डनबारच्या मदतनिसांकडचं पाणी संपलं आणि त्यांनी त्याला बिअर पाजली. जिंकला गॉर्डन हॅलर, ११ तास ४६ मिनिटं ५८ सेकंदांत. मदतनीस नीट निवडावेत, हे तेव्हापासून सिद्ध आहे.

१. अंतर ठरवा, आणि लहानच ठरवा

स्प्रिंट म्हणजे ७५० मीटर पोहणं, २० किलोमीटर सायकल, ५ किलोमीटर पळणं. ऑलिम्पिक अंतर याच्या दुप्पट : १५०० मीटर, ४० आणि १०. सिडनीत २००० साली हा खेळ ऑलिम्पिकमध्ये आला तो याच अंतराने. त्याच्या वर अर्धी आयर्नमॅन (१.९, ९० आणि २१.१ किलोमीटर) आणि पूर्ण आयर्नमॅन (३.८, १८० आणि ४२.२ किलोमीटर).

पहिल्यांदा स्प्रिंटच करा. मैत्रिणीने एकदम अर्धी केली म्हणून तुम्हीही करायची गरज नाही. तुम्हाला आज थांबत थांबत का होईना ४०० मीटर पोहता येत असेल आणि अर्धा तास सलग हळू पळता येत असेल, तर स्प्रिंटला १२ ते १६ आठवडे पुरतात. पोहणंच येत नसेल तर तारीख ठरवू नका. आधी पोहायला शिका, तारीख कुठे जात नाही.

२. नोंदणीआधी डॉक्टर

अमेरिकेतल्या सुमारे तीस वर्षांच्या ट्रायथलॉनमधल्या अचानक मृत्यूंचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यातले दोन तृतीयांश मृत्यू पोहण्याच्या टप्प्यातले होते. थंड पाणी, गर्दी, घाबरणं आणि पहिल्याच मिनिटाला गगनाला भिडलेले हृदयाचे ठोके, हे सगळं एकदम येतं. हृदयात आधीच काही दडलेलं असेल तर ते तिथे बाहेर पडू शकतं. चाळिशी ओलांडली असेल, घरात कोणाला कमी वयात हृदयविकार झाला असेल, व्यायाम करताना कधी छातीत दुखलं असेल किंवा चक्कर येऊन पडला असाल, तर तपासणी टाळू नका. डॉक्टरांना नुसतं ‘व्यायाम करतो’ असं सांगू नका. काय करणार आहात, किती वेळ आणि कोणत्या तीव्रतेने, ते सांगा.

माझ्या बाबतीत एक साधी रक्ततपासणी कामी आली. तिसऱ्या महिन्यात जिना चढतानाही पाय ओढावे लागायचे, आणि मी ‘सराव वाढलाय ना’ म्हणून सोडून देत होते. हिमोग्लोबिन ठीक होतं, फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, खाली गेलेलं. पळणाऱ्या बायकांमध्ये हे सर्रास दिसतं. गोळ्या मात्र रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दिल्या तरच घ्या, लोह मनाने घ्यायची गोष्ट नाही.

३. आठवडा कसा बसवायचा

नोकरी आणि घर सांभाळून आठवड्याला सहा तास निघाले तर स्प्रिंटसाठी ते भरपूर आहेत. माझा आठवडा असा होता : दोनदा पोहणं, प्रत्येकी पाऊण तास. आठवड्यामध्ये एकदा तासभर सायकल आणि सुट्टीच्या दिवशी पावणेदोन तासांची. दोनदा पळणं, एक पाऊण तासाचं सावकाश, दुसरं थोडं जोरात. मोठ्या सायकलिंगनंतर लगेच पंधरा मिनिटं पळायचं, याला ब्रिक म्हणतात. उरलेल्या वेळात दोन छोटे ताकदीचे व्यायाम, घरातल्या घरात. एक दिवस पूर्ण सुट्टी, आणि तिच्यावर दुसऱ्या कशालाही अतिक्रमण करू द्यायचं नाही.

तीव्रता ओळखायला घड्याळाची गरज नाही. पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर सोपं. तीन-चार शब्दांवर वाक्य तुटायला लागलं की मध्यम. एकेक शब्दच निघतोय म्हणजे जोरात. सरावाचा बराचसा भाग, पाचातले चार भाग म्हणा हवं तर, पूर्ण वाक्याच्या वेगात व्हायला हवा. हौशी लोक नेमके इथेच फसतात. सोप्या दिवशी जरा जास्त जोर लावतात, मग जोराच्या दिवशी अंगात जोर उरत नाही. सगळेच दिवस मधल्या करड्या पट्ट्यात जातात आणि वेळ काही सुधारत नाही.

दर चौथ्या आठवड्याला सराव एक तृतीयांशाने कमी करा. आणि हुकलेला सराव हुकला, म्हणून सोडून द्या. मंगळवारचं पोहणं राहिलं म्हणून बुधवारी दोन्ही उरकायला गेले, की शुक्रवारी सर्दी ठरलेली. हा अनुभव मी तीनदा घेतला, चौथ्यांदा घ्यायची हौस नाही.

४. पोहणं, आणि इथे कोच हवाच

सायकल आणि पळणं यांत जास्त मेहनत घेतली की थोडाफार फायदा होतोच. पाण्यात तसं होत नाही. पाणी हवेच्या आठशे पट घन आहे, त्यामुळे चुकीच्या ढबीने दुप्पट ताकद लावली तर दुप्पट पाणी अडतं, बाकी काही नाही. म्हणून मदतीसाठी एकाच ठिकाणी पैसे खर्च करायचे असतील, तर ते पोहण्याच्या कोचवर करा. रोज नको. महिन्यातून दोनदा अर्धा-अर्धा तास, बाजूने आणि समोरून व्हिडिओ, आणि प्रत्येक वेळी एकच दुरुस्ती. पाच दुरुस्त्या एकदम सांगणारा कोच तुमचं भलं करत नाही.

माझी पहिली दुरुस्ती होती मान. नजर पूलच्या तळाकडे, श्वासाला डोकं उचलायचं नाही, अंगाबरोबर फक्त वळवायचं, एक गॉगल पाण्यातच राहील इतकं. दुसरी, श्वास पाण्यात सोडायचा. मी तो कोंडून ठेवायचे आणि तोंड वर आल्यावर सोडणं-घेणं दोन्ही घाईत उरकायचे. छाती भरलेलीच राहायची, म्हणून ‘दम पुरत नाही’ असं वाटायचं. तिसरी, उजवा हात डोक्यासमोरून पलीकडे जायचा तो खांद्याच्या रेषेत आणणं. तीन महिने, तीन दुरुस्त्या. शंभर मीटरला २ मिनिटं ५० सेकंद लागायची, ती २ मिनिटं २५ वर आली, आणि बाहेर आल्यावर काठाला धरून उभं राहायची वेळ येईना.

पूलमध्ये जमलं म्हणजे मोकळ्या पाण्यात जमेल, असं समजू नका. तिथे तळ दिसत नाही, रेघ नाही, भिंत नाही. माझ्या पहिल्याच वेळी चाळीसेक मीटरवर छातीवर कोणीतरी बसल्यासारखं झालं. थंड पाण्यात पहिल्या मिनिट-दोन मिनिटांत श्वास आपोआप धापा टाकायला लागतो. ते ओसरेपर्यंत पोहायची घाई करायची नसते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. बरोबरचा माणूस नुसतं म्हणाला, ‘पाठीवर ये. आकाश बघ. मोठ्याने वीस मोज.’ चौदापर्यंत मोजलं आणि श्वास जागेवर आला.

तेव्हापासूनचे नियम : एकटीने कधीही उतरायचं नाही, कंबरेला भडक रंगाचा फुगा बांधायचा, आधी चेहरा आणि मान भिजवून मगच पोहायला सुरुवात करायची. दर सहा-आठ हातांनंतर मगरीसारखे फक्त डोळे पाण्याबाहेर काढून समोरची खूण बघायची. खूण मोठी आणि न हलणारी निवडा. मी एकदा होडी निवडली होती, ती निघून गेली.

५. सायकल : आधी बसणं, मग धावणं

महागडी सायकल लागत नाही. अंगाला बसणारी लागते. माझा गुडघा पुढच्या बाजूने, वाटीखाली दुखायचा. मी गोळी घेऊन चालवायचे. बाइक फिटिंग करणाऱ्याने सीट १४ मिलिमीटर वर घेतली, क्लीट (बुटाच्या तळाची, पेडलला अडकणारी पट्टी) थोडी मागे सरकवली, आणि तीन आठवड्यांत दुखणं गेलं. ढोबळ खूण अशी : पेडल सर्वांत खाली असताना गुडघ्यात २५ ते ३५ अंशांची वाकण राहायला हवी. पुढून दुखत असेल तर सीट बहुधा खाली आहे, मागून दुखत असेल तर बहुधा वर. हात बधिर होत असतील किंवा मान अवघडत असेल, तर हँडल फार लांब किंवा फार खाली आहे. चांगला फिटर आधी तुम्हाला जमिनीवर वाकायला लावतो, जुन्या दुखण्यांबद्दल विचारतो, मग सायकलवर बसवतो. आल्या-आल्या सीट विकायला काढणाऱ्याकडून हळूच निघून यावं.

मेकॅनिकचं काम वेगळं. चेन, ब्रेक पॅड, गिअरची तार यांवर त्याची नजर दोन-तीन महिन्यांतून एकदा पडली तरी पुरे. पण एक धडा माझ्या अंगाशी आला. शर्यतीच्या दोन दिवस आधी हौसेने सर्व्हिसिंग करून आणलं. पहिल्याच चढावर सर्वांत हलका गिअर टाकला आणि चेन गिअरचक्र ओलांडून स्पोकमध्ये जाऊन अडकली. मागच्या डेरेलरचा, म्हणजे चेन एका गिअरवरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा, मर्यादा-स्क्रू सैल राहिला होता. चूक त्याची होती, तपासून न पाहण्याची माझी. आता शर्यतीआधीच्या दहा दिवसांत सायकलला कोणी हात लावत नाही, आणि सर्व्हिसिंगनंतर तासभर सगळे गिअर टाकून पाहते.

पंक्चर मात्र स्वतःला काढता यायला हवं. मागच्या चाकाचं, घरात, दिव्याखाली, पाच वेळा. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधा, नाहीतर नवी ट्यूबही त्याच काट्यावर जाते.

६. पळणं आणि फिजिओ

सायकलवरून उतरून पळायला लागलं की पाय दुसऱ्याचेच वाटतात. पहिल्या ब्रिकला मी खाली वाकून बूट बरोबर घातलेत का ते पाहिलं होतं. आठ-दहा मिनिटांत ते जातं, आणि प्रत्येक ब्रिकला ती वेळ कमी होते. सुरुवातीचा एक किलोमीटर मुद्दाम सावकाश पळा, पावलं छोटी आणि भराभर टाका. सायकलवरचा वेग डोक्यात भिनलेला असतो, म्हणून सावकाश वाटणारा वेगही प्रत्यक्षात जास्तच असतो.

फिजिओकडे कधी जायचं? साधी अंगदुखी दोन दिवसांत उतरते आणि दोन्ही पायांना सारखी असते. तीन खुणा दिसल्या तर थांबा : दुखणं एकाच बाजूला, एका बोटाने दाखवता येईल इतक्या जागी आहे. सकाळी पहिलं पाऊल टाकताना कळ येते. किंवा दुखणं चुकवायला चाल बदलली आहे. नडगीच्या हाडावर बोट ठेवलं की नेमकी एका ठिकाणी कळ येत असेल, तर त्या दिवसापासून पळणं बंद. हाडाला बारीक चीर असू शकते. पोहणं सहसा चालू ठेवता येतं, या खेळाचा तेवढा एक फायदा. नुसती मशीन लावून घरी पाठवणाऱ्यापेक्षा, तुम्हाला एका पायावर उभं करून बसायला लावणारा आणि घरी करायचे तीनच व्यायाम लिहून देणारा फिजिओ बरा. मालीश सुखाची असते. तिने दुखापत बरी होत नाही.

७. खाणं-पिणं

स्प्रिंटसाठी आहारतज्ज्ञाची गरज क्वचितच लागते. तासाभराच्या आतल्या सरावात पाणी पुरतं. त्याहून जास्त वेळ असेल तर दर तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकं. अडीच तासांपुढे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज एकत्र घेतलं तर ९० ग्रॅमपर्यंत जाता येतं, पण त्याला पोटाची सवय लागते आणि ती आठवड्यांनी लागते. अर्धी किंवा पूर्ण करणार असाल, पोट वारंवार बिघडत असेल, किंवा मधुमेह असेल, तर मात्र तज्ज्ञाकडे जा. शर्यतीत नवीन काही खायचं नाही, हे सगळेच सांगतात आणि फुकट वाटलेलं जेल (पाकिटातला घट्ट गोड पाक) सगळेच खातात.

पाणी किती, याचा अंदाज घरीच काढा. तासभर सराव, आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन. घटलेला एक किलो म्हणजे साधारण एक लिटर घाम, त्यात मधे प्यायलेलं पाणी मिळवा. सराव करून वजन वाढलं असेल तर तुम्ही जास्त पीत आहात. तेही धोक्याचं आहे, रक्तातलं सोडियम पातळ होतं.

८. सरावाचा आराखडा कोणी द्यावा

पहिल्या स्प्रिंटला तयार आराखडा किंवा ॲप चालतं. ॲपला एकच गोष्ट जमत नाही : काल रात्री मुलीला ताप होता हे त्याला कळत नाही. माणूस कोच घेणार असाल तर पहिल्या भेटीत त्याने तुमची झोप, कामाचे तास आणि जुन्या दुखापती विचारल्या का, ते पाहा. मी एक प्रश्न नेहमी विचारते, ‘माझ्या आठवड्यातून तुम्ही काय काढून टाकाल?’ ज्याला याचं उत्तर देता येत नाही, तो फक्त भर घालणार.

आणि घर. सरावाचे सहा तास घरातल्याच कोणाच्या तरी वेळेतून येतात. मी रविवारी रात्री पुढच्या आठवड्याचा कागद फ्रिजवर लावायचे. नवऱ्याने एकदा त्यावर पेनाने एक रकाना वाढवला : ‘माझं काय?’ त्या रकान्यात दोन संध्याकाळी त्याच्या झाल्या, आणि कुरबुर थांबली.

९. शर्यतीचा आठवडा

सराव निम्म्यावर आणा, थोडा जोराचा भाग तेवढा ठेवा. ट्रान्झिशन, म्हणजे एका टप्प्यातून दुसऱ्यात जातानाची अदलाबदल, अंगणात किंवा पार्किंगमध्ये करून पाहा : ओल्या पायाने बूट, क्रमांकाचा पट्टा, हेल्मेट. हेल्मेट डोक्यावर चढवून बक्कल लावल्याशिवाय सायकलला हात लावायचा नाही, आणि परत आल्यावर सायकल रॅकवर टांगल्याशिवाय बक्कल काढायची नाही. सायकलवर चढायचं ते जमिनीवरच्या रेघेपलीकडे. हौशी गटात सहसा पुढच्याच्या मागे चिकटून सायकल चालवता येत नाही. स्प्रिंट आणि ऑलिम्पिकला साधारण १० मीटर अंतर ठेवावं लागतं, लांब शर्यतीत १२. वेटसूट (थंड पाण्यात घालायचा रबरी पोशाख) चालेल की नाही हे पाण्याच्या तापमानावर ठरतं आणि सकाळी जाहीर होतं, म्हणून दोन्ही प्रकारे पोहून पाहिलेलं असू द्या.

पाण्यात त्रास झाला तर हात वर करा. बचावासाठी असलेली कयाक (छोटी होडी) धरून थांबायला नियमात परवानगी असते, पुढे जायला तिची मदत घेतली नाही की झालं. हे माहीत असलेला माणूस कमी घाबरतो, म्हणून सुरुवातीआधी कयाक कुठे आहेत ते बघून ठेवा. सुरुवातीला मागे आणि कडेला उभं राहा.

बाहेरच्या माणसाकडून मदत घेतली तर दंड होतो. पाणी घ्यायचं ते आयोजकांच्या टेबलावरूनच. दुसऱ्या स्पर्धकाने ट्यूब किंवा पंप दिला तर बहुतेक नियमांत चालतं. घरच्यांना हे आधी नीट समजावून सांगा. मी सांगितलं होतं. पळण्याच्या तिसऱ्या किलोमीटरला मुलगी माझी निळी बाटली घेऊन उभी होती. मला पाहिल्यावर तिने हात पुढे केला, मग आठवलं, आणि बाटली पाठीमागे लपवून नुसतीच ओरडायला लागली. शेवटच्या रेषेपलीकडे ती माझ्याआधी पोचली होती, झाकण उघडून.